धूळवाफेची पेरणी

राख

उपवासकाळ राखेनं सुरू होतो. गेल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी हातात धरलेल्या झावळ्या वर्षभर घरात क्रुसामागे खोचलेल्या असतात. राखेच्या बुधवारापूर्वी त्या चर्चमध्ये परत जातात, जळतात आणि आपल्या कपाळावर येतात. ज्या पात्यानं राजाचं स्वागत केलं, तेच पातं आपण माती आहोत हे सांगायला येतं. जयजयकार टिकत नाही. त्याची राख टिकते आणि कामाला येते.

त्याच दिवसांत कोकणात राब भाजायला लागतात. शेताच्या एका कोपऱ्यात शेण, पालापाचोळा, टहाळ अंथरायचे, वर माती टाकायची आणि पेटवून द्यायचं. तणाचं बी जळतं, किडीची अंडी जळतात, राखेतलं पालाश मातीत उतरतं. पुढे भाताचं बी त्याच जागी पेरायचं असतं. शेतकऱ्याला राखेचं भय वाटत नाही, कारण त्याच्या लेखी ती पेरणीची तयारी आहे.

पश्चात्तापाकडेही तसंच पाहावं. पाप आठवून नुसतं रडणं म्हणजे राखेपाशी बसून राहणं. राख झाली, आता इथे पेरायचं काय, असा प्रश्न मनात आला की उपवासकाळ खरा सुरू झाला.

ओहोटी

ईस्टरची तारीख चंद्र ठरवतो. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार, तो ईस्टर. म्हणून तो कधी २२ मार्चला येतो, तर कधी २५ एप्रिलपर्यंत लांबतो. साहजिकच पवित्र आठवडा पौर्णिमेच्या आसपास असतो आणि किनाऱ्याला उधाण असतं. वसईकडच्या अर्नाळ्याच्या, पाचूबंदरच्या कोळ्यांना हे कॅलेंडर न उघडता कळतं.

उधाणाची एक गोष्ट शहरातल्या माणसाच्या लक्षात येत नाही. भरती ज्या दिवसांत सर्वांत वर चढते, त्याच दिवसांत ओहोटीही सर्वांत लांब जाते. एरवी पाण्याखाली असलेले खडक उघडे पडतात आणि बायका कालवं काढायला त्यांवर उतरतात. भरतीनं झाकलेलं ओहोटीत हाती लागतं.

प्रार्थनेतही ओहोटी येते. शब्द कोरडे पडतात, देव लांब गेला असं वाटतं. क्रुसावर येशूलाही तसं वाटलं. देवानं आपल्याला का टाकलं, असं त्यानं विचारलं, पण विचारलं ते देवालाच. दूर गेला असं वाटतं त्यालाच हाक मारत राहायचं, ही ओहोटीतली श्रद्धा.

कोरड्या दिवसांत आपल्या तळाचे खडक दिसतात: जुनं वैर, न फेडलेलं ऋण, नीट पांघरून ठेवलेला अहंकार. अशा दिवसांत किनाऱ्यावरून परत फिरू नये. खाली उतरावं.

धूळवाफ

रोहिणी नक्षत्र लागतं २५ मेच्या सुमारास. मुंबईत मोसमी पाऊस पोचण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून. मधल्या पंधरवड्यात कोकणातला शेतकरी भाजलेल्या राबावर, कोरड्या मातीत भात पेरतो. याला धूळवाफेची पेरणी म्हणतात. जमिनीत ओल नसते, आभाळात ढग नसतो, असतो तो फक्त उकाडा. मुठीतून सुटलेला दाणा पडतो तिथे धुळीचा एवढासा फुगारा उठतो आणि दाणा दिसेनासा होतो. वरून माती सारली की शेत पहिल्यासारखंच रिकामं.

ही पेरणी फसू शकते. मुंग्या दाणे ओढून नेतात, पाखरं टिपतात. वळवाच्या सरीनं कोंब वर आले आणि नंतर पावसानं दडी मारली, तर कोंब करपतात आणि दुबार पेरणीची पाळी येते. तरीही पेरतात, कारण वेळेवर पेरलेल्या रोपाला पहिल्या पावसाचा सगळा लाभ मिळतो. थांबून राहणाऱ्याचं बियाणं वाचतं, पण हंगाम हुकतो.

श्रद्धेची याहून नेमकी व्याख्या मला सापडलेली नाही. पाऊस अमुक दिवशी येईलच, असं भाकीत श्रद्धा करत नाही. पाऊस पाठवणारा आपला आहे, एवढ्या ओळखीवर ती मूठ उघडते. प्रार्थनेत श्रद्धा बोलते. मूठ उघडताना ती दिसते.

ईस्टरनंतरचा पेंटेकॉस्टचा सण कित्येक वर्षी याच दिवसांत येतो. दारं लावून बसलेले येशूचे शिष्य त्या दिवशी बाहेर पडले. डोळ्यांनी पाहिलेली एक गोष्ट त्यांच्यापाशी होती आणि समोर कोरडं जग होतं. त्यांनी पावसाची वाट पाहिली नाही.

येशूच्या दाखल्यातला पेरणारा वाटेवर, खडकाळीवर, काटेरी झुडपांतही बी टाकतो. हिशेबी माणूस असं करणार नाही. पण तो हिशेबी नाही म्हणूनच बी आपल्यापर्यंत पोचलं. आपण सगळेच काही चांगल्या जमिनी नव्हतो.

तूस

राबातलं तीन आठवड्यांचं रोप मुळासकट उपटा आणि पाण्यात खळबळून पाहा. पांढरा देठ संपून मुळं सुरू होतात तिथे एक तूस चिकटलेलं दिसेल. दोन बोटांत धरून दाबलं तर ते चपटं होतं. आत काहीच नसतं. दाण्यातला सगळा तांदूळ कोंबानं खाल्लेला असतो. पहिली मुळं आणि पहिली पानं निघाली ती त्या साठ्यावर.

आपल्या मरणाची वेळ जवळ आली तेव्हा येशू दाण्याविषयी बोलला. एकटं राहायचं की पुष्कळ व्हायचं, हे दाण्यानं मातीत पडून ठरवायचं असतं, असा त्याचा रोख होता. कणगीतला दाणा अखंड असतो, टपोरा असतो आणि एकटा असतो.

हातातलं तूस लगेच टाकू नका. आपल्या प्रत्येकाच्या मुळाशी कुणाचं तरी असं तूस चिकटलेलं आहे: आईचं, बापाचं, एखाद्या शिक्षिकेचं, गावातल्या जुन्या फादरांचं, दवाखान्यातल्या एखाद्या सिस्टरचं. प्रेम पुरतं खर्च झालं की ते असं दिसतं.

लावणी

राबात रोप रुजतं, पण तिथेच ठेवलं तर दाटीत खुरटतं. म्हणून ते उपटतात, जुड्या बांधतात आणि चिखलात पुन्हा लावतात. लावणीनंतर काही दिवस सगळं खाचर पिवळं पडतं. नवख्याला वाटतं, पीक गेलं. आत मुळं नवी जागा धरत असतात.

नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्याबरोबर गेल्या नाहीत आणि संसार दुभंगला. पाच वर्षांनी, १९०० साली, त्याही ख्रिस्ती झाल्या, पण नवऱ्याच्या मागे ओढल्या जाऊन नव्हे. सोवळंओवळं, जातपात यांच्याशी त्या स्वतः झगडल्या आणि स्वतःच्या पायांनी आल्या. टिळकांनी नव्या श्रद्धेसाठी ओवी आणि अभंग टाकून दिले नाहीत. ज्या मातीतून उपटले गेले ती माती मुळांना धरून त्यांच्याबरोबर आली. महाराष्ट्र त्यांना फुलामुलांचे कवी म्हणून ओळखतो. 'ख्रिस्तायन' अपुरं ठेवून ते १९१९ साली गेले आणि ते काव्य लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. एकानं लावावं आणि दुसऱ्यानं कापावं, हे शेतात रोजचं आहे. श्रद्धेतही तसंच असतं.

पिवळे दिवस धीर धरण्याचे असतात. त्या दिवसांत कुणाच्या आयुष्याचा निकाल देऊ नये, स्वतःच्याही नाही.

पाऊस

पाऊस बांध मानत नाही. कोर्टात दावा चालू असलेल्या दोन भावांच्या दोन्ही खाचरांत तो सारखाच पडतो. सज्जन आणि दुर्जन दोघांवर पाऊस पाडणाऱ्या पित्याकडे बोट दाखवूनच येशूनं वैऱ्यावर प्रेम करायला सांगितलं. ही आज्ञा अशक्य वाटणाऱ्यानं जुलैत एकदा बांधावर उभं राहावं.

वरच्या खाचरातलं जादा पाणी खालच्याला सोडावंच लागतं. रागानं अडवून धरलं तर आपलाच बांध फुटतो. क्षमा न करणारा दुसऱ्याला सुकवायला निघतो आणि स्वतः वाहून जातो.

तण

भातात भातासारखंच दिसणारं तण उगवतं. पान तसंच, उंची तशीच. लोंबी येईपर्यंत अनुभवी बाईचा हातही बेणणी करताना थबकतो. येशूच्या दाखल्यातलं गव्हामधलं तण म्हणजे डार्नेल नावाचं गवत, असं अभ्यासक मानतात. तेही ओंबी धरेपर्यंत गव्हाहून वेगळं ओळखू येत नाही. चाकर ते उपटायला निघतात आणि धनी त्यांना थांबवतो, कारण तणाबरोबर गहूही उपटला जाईल.

शेतात बेणणी करावीच लागते. माणसांच्या बाबतीत मात्र येशू आपल्या हातातून विळा काढून घेतो. शेतात तणाचं भात होत नाही. माणसाचं होतं.

येशूचा अनुयायी असलेल्या स्तेफनाला दगडमार झाला तेव्हा मारणाऱ्यांची वस्त्रं सांभाळत एक तरुण उभा होता. त्याचं नाव शौल. त्या दिवशी मंडळीतल्या कुणी त्याच्याविषयी शेवटचा निकाल देऊन टाकला असता, तर त्या दिवसापुरता तो बरोबरच ठरला असता. पुढे हाच पौल झाला. नव्या करारातल्या २७ पुस्तकांपैकी १३ पत्रं त्याच्या नावावर आहेत.

बावखल

वसईच्या वाड्यांमध्ये बावखलं आहेत. ती धड विहीर नाहीत, धड तळं नाहीत. जुन्या माणसांनी हातांनी खणलेले हे साठे पावसाचं पाणी धरून ठेवतात. ते पाणी सावकाश मुरतं आणि त्याच्या जोरावर आसपासच्या विहिरी उन्हाळाभर गोड राहतात.

समुद्राकाठच्या जमिनीत गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, कारण खारं पाणी जड. ढोबळ नियम असा की गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या वर एक मीटर असेल, तर खाली सुमारे ४० मीटर खोलीपर्यंत गोडं पाणी असतं. वरचं ते एक मीटर उपसून संपवलं की खालचं खारं पाणी वर सरकू लागतं. मग विहीर भरलेली दिसते आणि पाणी तोंडात धरवत नाही.

श्रद्धेचंही असं होताना दिसतं. सण साजरे होतात, मिरवणुका निघतात, मेणबत्त्यांच्या रांगा लागतात. विहीर काठोकाठ असते, पण तहानलेल्या माणसाला तिथे प्यायला मिळत नाही. आत मुरलेलं संपलं आणि उपसा चालूच राहिला, म्हणजे असं होतं.

वाहून गेलेला पाऊस समुद्राचा, मुरलेला विहिरीचा. वचन नुसतं ऐकलं तर वाहून जातं. त्याला थांबायला जागा लागते. दिवसातली पंधरा मिनिटं रिकामी राखणारा माणूस आपलं बावखल राखत असतो. बाहेरून पाहणाऱ्याला त्या जागेचा काही उपयोग दिसत नाही, म्हणून तीच आधी बुजवली जाते.

याकोबाच्या विहिरीवर भर दुपारी आलेली शोमरोनी बाई जिवंत पाण्याविषयी ऐकून गावाकडे धावली. घागर तिथेच राहिली. आत झरा लागला की भांड्याची आठवण राहत नाही.

सरवा

ऑक्टोबरात आगेरा हा सुगीचा सण येतो. नव्या भाताच्या लोंब्या वाजतगाजत वेदीपर्यंत जातात, त्यांना आशीर्वाद मिळतो आणि मग नवा तांदूळ घराघरांत शिजतो. किती पिकलं याचा हिशेब त्यानंतर. उरलेलं देणं ही मदत. पहिलं देणं ही कृतज्ञता.

मोशेच्या नियमशास्त्रानं शेतकऱ्याला आणखी एक गोष्ट सांगितली आहे. शेताचे कोपरे कापू नयेत आणि गळालेली कणसं उचलू नयेत. ती गरिबाची आणि परक्याची. रूथ ही मवाबी बाई, विधवा आणि परदेशी. बवाजाच्या शेतात तिनं सरवा वेचला. तिचा पणतू दावीद राजा आणि त्याच्या वंशात येशू. कोपरा न कापता ठेवलेल्या एका शेतातून तारणाची वाट गेली.

आपल्या पगारात, वेळेत, घरात असा एखादा कोपरा शिल्लक आहे का, हे दर आगेराला पाहावं. धारदार विळ्यानं अगदी कडेपर्यंत कापणाऱ्याच्या शेतात रूथ येत नाही.

केळ

केळीच्या एका खोडाला आयुष्यात एकच घड येतो. केळफूल मान खाली घालून लोंबतं, पण पाकळ्या गळल्या की फणीतलं एकेक केळं वर वळतं. घड उतरवला की खोड तोडतात आणि त्याचे तुकडे बुडाशी वाढणाऱ्या पिलांभोवती पसरतात. आई पिलांच्या मुळाशी कुजते आणि पिलं वाढतात.

२ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, दफनभूमीत फुलांनी भरलेल्या कबरींमधून चालताना ही केळ आठवते आणि दिलासा मिळतो. पण तेवढ्यावर थांबता येत नाही. पिलू म्हणजे पुढची पिढी. ख्रिस्ताचा शब्द आहे तो तोडलेल्या खोडालाच. जो गेला, तोच उठेल. निसर्ग आपल्याला इथपर्यंत आणतो आणि थांबतो. यापुढचं त्याला ठाऊक नाही.

पहाटे कबरीपाशी गेलेल्या मरिया मग्दालियेला येशू उभा दिसला आणि तिला तो माळी वाटला. येशूनं तिला नावानं हाक मारली, तेव्हा तिनं ओळखलं. बागेत शोधणाऱ्याला माळी भेटतो. तो प्रभू आहे हे कळायला त्याचीच हाक यावी लागते.

मीठ

पावसाळा सरला की मिठागरं जागी होतात. भरतीचं पाणी उघाडीतून आत घ्यायचं आणि या वाफ्यातून त्या वाफ्यात फिरवत उन्हावर आटवायचं. शेवटच्या वाफ्याचा तळ माणसांनी पायांनी तुडवून घट्ट केलेला असतो. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. पाणी आटून दहाव्या हिश्शावर येतं, तेव्हा कुठे मिठाचा पहिला खडा धरतो. तिथे कुणालाही घाई करता येत नाही.

शिष्यांनी कसं असावं हे सांगताना येशूला मीठ आठवलं. मीठ वेगळं दिसतं तोवर ते कामाला लागलेलं नसतं. आमटीत विरघळलं की दिसत नाही, आणि तेव्हाच ते आहे हे कळतं.

२०११च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती माणसं शंभरात एकही भरत नाहीत. कुणाला याची खंत वाटते, कुणाला भीती. आमटीतलं मीठही साधारण एवढंच असतं. मिठानं संख्येची चिंता करू नये, चवीची करावी.

१८९६-९७च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि टाकून दिलेल्या, उपाशी मुलींना केडगावला घेऊन आल्या. त्या मुली जगल्या, शिकल्या, कामाला लागल्या. विद्वत्तेचा सन्मान रमाबाईंना आधीच मिळाला होता. त्या मुलींना विद्वान बाई नको होती. त्यांना खायला घालणारी, उवा काढणारी, अक्षर शिकवणारी बाई हवी होती. रमाबाई ती झाल्या.

पाचवी चिमणी

मत्तयाच्या शुभवर्तमानात एका नाण्याला दोन चिमण्या मिळतात, लूकच्या शुभवर्तमानात दोन नाण्यांना पाच. म्हणजे चार घेणाऱ्याला पाचवी वर. नाणं होतं तांब्याचं, असारियन. मजुराच्या एका दिवसाच्या रोजाचा सोळावा भाग. चिमणी हे गरिबाचं मांस होतं आणि पाचवीला तर तीही किंमत नव्हती. देव त्यांतल्या एकीलाही विसरत नाही, असं येशू सांगतो. बाजारानं जिचा भाव केला नाही, तिची नोंद देवापाशी आहे.

आपल्या भोवतालच्या पाचव्या चिमण्या ओळखायला वेळ लागत नाही. कंत्राटदाराच्या यादीत नाव नसलेला सफाई कामगार. वृद्धाश्रमात कुणीच भेटायला न येणारी आजी. वर्गात ज्याला उशिरा कळतं असं मूल. हिशेबात त्यांना 'वर' धरलं जातं. ख्रिस्ती माणसानं मोजणी तिथून सुरू करावी.

खरी चिमणीही आता मोजावी लागते. तिची पिलं पहिले काही दिवस किडे-अळ्यांवर वाढतात. फवारणीनं अळ्या गेल्या, गुळगुळीत भिंतींमुळे घरट्याची भोकं गेली. नाशिकचे मोहम्मद दिलावर आणि त्यांच्या संस्थेच्या पुढाकारानं २०१० पासून २० मार्च हा जागतिक चिमणी दिवस पाळला जातो. चिमणीची मोजदाद ठेवणारा प्रत्येक जण येशूचं ते वचन पाळत असतो, त्यानं ते वाचलेलं असो वा नसो.

सुटे दाणे

याकोब आणि योहान यांना बोलावणं आलं, तेव्हा ते जाळी नीट करत होते. देवाची हाक बहुधा कामातल्या हातांना येते.

अंजिराच्या झाडाला पानं भरपूर होती. येशू फळं शोधत होता. पानं प्रत्येक धर्माजवळ भरपूर असतात.

अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाशी समेट करायला येशूनं सांगितलं. देव थांबायला तयार आहे. भाऊ थांबेलच असं नाही.

अम्माऊसच्या वाटेवरच्या दोघांनी येशूला चालताना ओळखलं नाही, बोलताना ओळखलं नाही. भाकर मोडताना ओळखलं. मोडल्याशिवाय वाटता येत नाही.

पिठात कालवलेलं खमीर पुन्हा वेगळं काढता येत नाही. देवाचं राज्य असं मिसळतं.

वाडीतला मोगरा दूरच्या बाजारात जातो. खुडणाऱ्या बोटांना वास राहतो. देणाऱ्याला एवढं पुरावं.

राखण

उत्पत्तीच्या पुस्तकात देवानं माणसाला बागेत ठेवलं, ते मशागत करायला आणि राखण करायला. पहिल्या कामात आपण तरबेज झालो. दुसरं मागे पडलं.

येशूनं देवाचं राज्य सांगितलं ते बी, तण, मोहरी, अंजीर, द्राक्षवेल, मेंढरं, मासे आणि चिमण्या घेऊन. ऐकणाऱ्याला दुसऱ्या दिवशी कामावर जाताना ते वाटेत भेटायचं, विसरायची सोयच नव्हती. ज्या मुलानं भाताचं रोप हातात धरलेलं नाही, त्याला मरून जगणारा दाणा कसा समजावणार? बावखल भरावानं बुजतं, तेव्हा पाणी तर जातंच, शिवाय शुभवर्तमानाचं एक पानही वाचता येईनासं होतं. जमीन राखणं हा श्रद्धेचा जोडधंदा नाही. तो श्रद्धेचाच भाग आहे.

वसईनं हे एकदा ओळखलं होतं. विहिरींचा बेसुमार उपसा आणि बागायतीवर येणारं काँक्रीट यांच्याविरुद्ध हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. तिच्या अग्रभागी फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. याच फादरांनी 'सुबोध बायबल' मराठीत आणलं आणि २०२० साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. शब्द, पाणी आणि प्रभू यांची त्यांनी फारकत केली नाही. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी 'लाउदातो सी' या परिपत्रकात पृथ्वीला आपलं सामायिक घर म्हटलं आणि तिचा व गरिबांचा आक्रोश एकच आहे असं जगाला सांगितलं. वसईच्या विहिरीवरच्या बाईला ते आधीच कळलेलं होतं.

म्हणून एक विनंती. आपल्या वाडीत, आपल्या गावात पाणी थांबवणारी एखादी जागा अजून शिल्लक असेल: बावखल असो, पाझर तलाव असो, ओढ्याचा डोह असो. ती बुजू देऊ नका. पावसापूर्वी तिचा गाळ काढा. हे एकट्याचं काम नाही. शेजाऱ्याला हाक मारा, मग तो चर्चमध्ये जात असो, देवळात जात असो किंवा मशिदीत. पाणी सगळ्यांच्याच विहिरीत जाणार आहे.